हाडवैऱ्याचा भात

घड्याळजीने आपल्या होणाऱ्या सासऱ्याला पहिल्यांदा पाहिलं ते जेमतेम पाऊण सेकंद. वेळ मोजण्यात त्याची चूक व्हायची नाही, धंदाच तो. त्या पाऊण सेकंदात त्याला दारात उभा असलेला दुसरा एक दरवाजा दिसला. खऱ्या दरवाजापेक्षा रुंद, आणि मिशा असलेला. त्या दरवाजाने विचारलं, "कोण?" घड्याळजीने तोंड उघडलं, "मी तुमच्या मुलीला" एवढे तीन शब्द बाहेर पडले, आणि चौथा शब्द त्याच्याबरोबरच जिन्यावरून खाली गेला.

तिसऱ्या मजल्यावरून तो एकटाच निघाला होता. दुसऱ्या मजल्यावर एक शिंपी दारात बसून काजं करत होता. जाता जाता आपण त्याला नमस्कार केला, असं घड्याळजी अजूनही शपथेवर सांगतो. पहिल्या मजल्यावर एक सायकल सोबतीला आली. तळमजल्यावर दोघं एकदमच पोचले, सायकल वर आणि घड्याळजी खाली.

होणारी बायको धावत आली. तिने सायकल बाजूला केली, त्याची हनुवटी धरून तोंड या बाजूला वळवलं, त्या बाजूला वळवलं, आणि एकदम तिचा चेहरा उजळला.

"उजवा गाल सुजलाय! म्हणजे डाव्या हाताने मारलं!"

"बरं मग?"

"अरे, पसंत आहेस तू बाबांना! नापसंत माणसाला ते उजव्या हाताने मारतात."

"नापसंत माणसाचं काय होतं?"

"तुझ्याआधी दोघं येऊन गेले. एकाने गाव सोडलं. दुसऱ्याला अजून त्याची आई पातळ पेज भरवते."

अशा रीतीने लग्न ठरलं.

सासरेबुवा खाटीकखान्याच्या मोठ्या कारखान्यात हाडं सोडवायचे. जनावराचा अख्खा फरा, म्हणजे मांडी, पुढ्यात यायचा, आणि अरुंद पात्याची सुरी सांध्यासांध्यांतून फिरवून मांस वेगळं, हाड वेगळं करायचं. साधारण माणसाला एका फऱ्याला सहा मिनिटं लागत, सासऱ्यांना अडीच. हाड असं लख्ख बाहेर येई की कुत्रंसुद्धा हुंगून निराश व्हावं. कारखान्यात त्यांना सगळे हाडवैरी म्हणत. तोंडावरही म्हणत, कारण ते नाव त्यांना पदवीसारखं वाटायचं.

त्यांचं वैर मात्र नुसत्या हाडांशी नव्हतं. एकदा दार अडकलं म्हणून त्यांनी ते बिजागरीसकट काढून अंगणात फेकलं, आणि महिनाभर घरात पडदा होता. नळ गळतो म्हणून नळाला बुक्की मारली, तेव्हा खालचा शिंपी पोहत वर आला. पण लग्नानंतर त्याच घराच्या पुढच्या खोलीत बिऱ्हाड केल्यावर घड्याळजीच्या एक गोष्ट लक्षात आली. सासरेबुवा संध्याकाळी कामावरून येत तेव्हा गरीब गाय असत. साठ-सत्तर फऱ्यांवर हात चालवून झालेला असे, अंगातला सगळा वणवा तिकडे विझलेला असे. पाय धुवायचे, जेवायचे, आणि "घड्याळ्या, किती वाजले रे?" असं लाडाने विचारून झोपायचे. सुट्टीचा दिवस वाईट. सलग दोन सुट्ट्या आल्या की सासूबाई काचेची भांडी शेजारी ठेवायला देत.

आणि एके दिवशी सलग बारा आठवड्यांची सुट्टी आली.

झालं ते दगडावरून. प्रत्येक कापणाऱ्याचा धार लावायचा दगड आपला आपला असतो. वर्षानुवर्षं एकाच हाताने, एकाच कोनात पातं फिरून तो दगड मालकाच्या हातापुरता झिजतो. दुसऱ्याने त्यावर धार लावली की दगडही बिघडतो आणि मालकाची सुरीही. हाडवैऱ्यांचा दगड बावीस वर्षांचा होता. शेजारच्या बाकावर लोणी नावाचा माणूस होता. नाव लोणी, कारण बोलणं लोण्यासारखं. आवाज कधी चढायचा नाही, आणि कमरेखाली वार केल्याशिवाय राहायचा नाही. त्याने हा दगड न विचारता वापरला. हाडवैऱ्यांनी त्याचं डोकं मानेपर्यंत चरबीच्या पिंपात बुडवलं आणि मोठ्याने वीस अंक मोजायला घेतले. चौदावर आले असताना पिंपातल्या लोण्याने हातातली सुरी मागे फिरवली. ती हाडवैऱ्यांच्या उजव्या मनगटात शिरली आणि आतल्या तीन दोऱ्या, म्हणजे बोटं वाकवणाऱ्या शिरा, तोडून बाहेर आली. फरशीवर रक्ताचं थारोळं झालं. ते पाच मिनिटं कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण त्या फरशीवर दुसरं काही कधी नसेच. हाडवैऱ्यांनी तेवढ्यात वीसपर्यंत मोजून घेतलं.

शिरा शिवल्या. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघालं तेव्हा आतून जे निघालं ते बघून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. अंगठा आणि दोन बोटं उकडलेल्या शेंगांसारखी लोंबत होती.

कारखान्याच्या मुकादमाने निरोप धाडला. आणखी सहा आठवडे वाट पाहतो. तोवर हात सुरी धरण्यालायक झाला तर बाक तुमचा, नाहीतर खिडकीखालचा तो पहिला बाक कायमचा लोण्याला, आणि तुम्ही कातड्यांना मीठ चोळायच्या खड्ड्यावर.

हाडवैऱ्यांनी डाव्या हाताने भिंतीला बुक्की मारली, आणि घड्याळजीला पलीकडच्या बिऱ्हाडातली बाई केस विंचरताना दिसली.

दवाखान्यात हातांच्या व्यायामासाठी एक बाई होत्या. चिमणीएवढ्या. हाडवैरी त्यांना म्हणाले, "सहा आठवड्यांत हात चालला पाहिजे. नाहीतर हे टेबल तुमच्या डोक्यात घालीन."

बाईंनी त्यांचा अंगठा दोन बोटांत धरला आणि किंचित वळवला. हाडवैरी गुडघ्यांवर बसले. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी बसवलं ते तेवढंच.

"टेबल सरकारी आहे," बाई म्हणाल्या, आणि ड्रॉवरमधून लाकडाच्या दोन काड्या काढल्या. "चॉपस्टिक्स. दोन्ही वेळचा भात यांनीच खायचा. चमचा नाही, बोटं नाहीत, डावा हात नाही. दाणा उचलायला हीच तीन बोटं लागतात आणि सुरीलाही हीच." मग त्यांनी कारखान्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली. 'सदर इसम वाडगाभर भात चॉपस्टिक्सनी, न सांडता संपवू शकेल, त्या दिवशी त्याचा हात सुरी धरण्यास योग्य समजावा.'

ती सोबत आलेल्या घड्याळजीच्या हातात देत त्या म्हणाल्या, "तुम्ही काय करता?"

"घड्याळं दुरुस्त करतो."

"म्हणजे चिमट्याची सवय आहे. मग शिकवा यांना."

घड्याळजीने आयुष्यात माशी मारलेली नव्हती. माशी बसली तर तो तिला चिमट्याने उचलून खिडकीबाहेर ठेवी. हा माणूस आता हाडवैऱ्यांना जेवायला शिकवणार होता.

पहिल्याच जेवणाला सासऱ्यांनी दोन्ही काड्या मुठीत सुरीसारख्या उलट्या धरल्या आणि भातात खुपसल्या. वाडग्याचे दोन तुकडे झाले.

"मामा, भात मेलेलाच आहे," घड्याळजी म्हणाला.

डावा हात आला. घड्याळजीची भुवई फुटली. पण डावाच होता, त्यामुळे बायकोने आयोडीन लावता लावता त्याचं कौतुक केलं.

पहिल्या आठवड्यात सात वाडगे गेले. मग सासूबाईंनी लोखंडी वाडगा काढला, तेव्हा वाडगा टिकला आणि तो जिथे लागेल ती वस्तू फुटू लागली. रेडिओ गेला. आरसा गेला. दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी जिन्यातून जाताना डोक्यावर पत्र्याचं घमेलं धरू लागला. घास उचलायचा, तोंडापाशी यायचा, सांडायचा. मग एक गर्जना, मग काहीतरी मोडल्याचा आवाज, आणि पाठोपाठ सासूबाईंचा कालथा त्यांच्या पाठीत, सपासप. "अन्नावर राग काढता? अन्नावर?" चार माणसांचं साधं जेवण, पण उठताना एकाच्या तरी अंगातून रक्त आलेलं असायचंच.

अडचण भाताचीही होती. सासूबाईंचा भात मोकळा. दाण्याला दाणा चिकटायचा नाही. घड्याळजीने हळूच सुचवून पाहिलं.

"आई, थोडे दिवस जरा गिचका केला तर? गोळा उचलायला सोपा जाईल."

सासूबाईंनी कालथा खाली ठेवला. हे लक्षण बरं नव्हतं.

"जावईबापू, चाळीस वर्षं मी या घरात भात करते. या चुलीवर गिचका भात होईल तो माझ्या तेराव्याला. तेव्हा या आणि गोळे उचला."

सासऱ्यांनी डोळे मिटून मान डोलावली. भाताच्या बाबतीत ते बायकोला घाबरत.

तेव्हा एकेक दाणा उचलायचं ठरलं. घड्याळजीने दुकानातून घड्याळाचे बारीक स्क्रू आणले, ताटलीत पसरले आणि चिमट्याने उचलून दाखवले. "मामा, खालची काडी हलवायचीच नाही. ती बाक समजा. वरची तेवढी हलवायची, ती सुरी. आणि दाबायचं नाही. सांधा जसा शोधता, तसा दाणा शोधायचा."

सांधा म्हटल्यावर सासऱ्यांचे डोळे बदलले. त्या दिवशी त्यांनी अकरा दाणे खाल्ले. अकरा! बाराव्याला काडी सटकून खालच्या ओठातून आरपार गेली, तरी हनुवटीवरून रक्त गळत असताना ते हसत होते. "घड्याळ्या, सापडला रे सांधा!"

त्यांच्या हाताला दोन खोडी होत्या, आणि त्या काही केल्या जाईनात. पहिली म्हणजे, कापणारा माणूस फरा पुरा होईस्तोवर सुरी खाली ठेवत नाही. ठेवली की हार. त्यामुळे वाडगा संपेपर्यंत ते काड्या सोडत नसत. पाणी प्यायचं असलं तरी नाही, खोकला आला तरी नाही. एकदा शेजारच्या बिऱ्हाडाला आग लागली तेव्हा काड्या हातात धरूनच दोन बादल्या ओतून आले आणि पुन्हा जेवायला बसले. दुसरी खोड, दर पाच-सात घासांनी हात आपोआप कमरेला घरीही अडकवलेल्या लोखंडी सळईकडे जाई आणि काड्या तिच्यावर खसाखसा घासल्या जात. सुरीला धार लावायची तीस वर्षांची सवय. पाचव्या आठवड्यापर्यंत काड्यांची टोकं दाभणासारखी झाली होती. घड्याळजीला ते दिसत होतं. पण मोकळ्या भाताचा दाणा त्या टोकांनी फार छान उचलला जायचा, म्हणून तो गप्प बसला.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी वाडगा रिकामा झाला. मोकळ्या भाताचा, तळापर्यंत, एक दाणा न सांडता. सासूबाईंनी वाडगा उपडा करून पाहिला आणि स्वयंपाकघरात जाऊन नाक शिंकरलं. त्या संध्याकाळी घरात काहीही फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने बोलावलं. मुकादम कागदाला गोंदासारखा चिकटणारा माणूस. चिठ्ठीत भात लिहिलाय, तर भात. जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या जेवणघरात, सगळ्यांसमोर.

निघताना बायकोने घड्याळजीला बजावलं, "तू फक्त शेजारी उभा राहा. काही करू नकोस. काही म्हणजे काहीच नाही."

"मी काय करणार?" घड्याळजी म्हणाला, आणि त्यालाही ते खरंच वाटत होतं.

जेवणघर म्हणजे लांबलचक खोली, पत्र्याची टेबलं, दाराशी सुऱ्या अडकवायच्या खुंट्या; हत्यार घेऊन आत यायचं नाही असा नियम. दोन-अडीचशे माणसं, सगळ्यांच्या छातीवर रक्ताळलेला रबरी अंगरखा. कोपऱ्यात भाताचा हंडा, त्यावर लोखंडी झाकण आणि शेजारी हातभर लांब दांड्याचा पळा. मुकादमाने झाकण काढून स्वतः वाडगा भरला. हाडवैऱ्यांनी भाताकडे पाहिलं, मग घड्याळजीकडे पाहिलं. भात गिचका होता. गोळाच्या गोळा.

"हे तर पोराटोरांचं काम," ते पुटपुटले आणि सुरू झाले. तीन बोटं अशी चालली की मुकादमाने चष्मा पुसला. चार घासांत अर्धा वाडगा खाली. बाकांवरून शिट्ट्या वाजल्या.

तेव्हा लोणी येऊन समोर बसला.

"वा, हाडवैरी," तो मऊ आवाजात म्हणाला. "काय सुंदर जेवताय. आता सुईदोरापण धरा. माझ्या पुतणीला झबली हवीत."

घड्याळजीने डोळे मिटले. घास गेल्याचा आवाज आला. त्याने डोळे उघडले. सासरेबुवा चावत होते. कपाळावरची शीर करंगळीएवढी झाली होती, पण चावत होते.

"घास भरवू का? दमला असाल."

आणखी एक घास.

"काय आहे, घाई नको. त्या बाकाची मला आता सवय झालीय. उजेड छान येतो हो तिथे." लोणी पुढे झुकला. "आणि तुमचा दगड. आधी जरा त्रास दिला त्याने. पण रोज घासला, घासला, आता बसलाय माझ्या हाताला अगदी बरोब्बर."

बावीस वर्षांचा दगड. अडीचशे माणसांच्या हातातला घास हातातच राहिला.

हाडवैऱ्यांचा उजवा हात पुढे गेला. मूठ नव्हती. तीन बोटं होती, अंगठा वर, खालची काडी स्थिर, वरची हलती, घड्याळजीने शिकवल्याबरहुकूम. दोन्ही टोकं लोण्याच्या दोन नाकपुड्यांत शिरली आणि मधलं कुरकुरीत हाड चिमटीत आलं. मग हाडवैऱ्यांनी सांधा शोधला.

लोणी आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. कारखान्यातल्या कुठल्याच जनावराने काढला नसेल असा तो आवाज होता. तो टेबलावरून ओढला गेला, गुडघ्यांवर आला, हात टेबलावर आपटू लागला. रक्त काड्यांवरून ओघळून हाडवैऱ्यांच्या मनगटावर, बरोबर त्या जुन्या व्रणावर आलं. हाडवैरी शांतपणे मोजत होते. "अठरा. एकोणीस. वीस." मग काड्या उघडल्या, राहिलेला शेवटचा गोळा त्याच काड्यांनी उचलला, खाल्ला, वाडगा उपडा केला, आणि तेव्हा कुठे काड्या खाली ठेवल्या.

मुकादमाने चिठ्ठी पुन्हा वाचली. भात सांडलेला नव्हता. नाकाबद्दल चिठ्ठीत काही नव्हतं.

"हात योग्य," तो म्हणाला. "उद्यापासून बाक तुमचा."

जेवणघर दणाणलं. ताटल्या वाजल्या, अंगरखे उडाले. आणि त्या गोंधळात घड्याळजीच्या आत कुठलीतरी स्प्रिंग सुटली. सहा आठवडे त्याने मार खाल्ला होता, स्क्रू वेचले होते, भुवई शिवून घेतली होती; हा हात त्याने दुरुस्त केला होता, दुसरा कोणी नाही. छाती फुगली. रक्त डोक्यात गेलं. त्याने पाहिलं तर लोणी फरशीवरून उठत होता, हातात बाकाचा मोडका पाय, आणि सासऱ्यांची पाठ त्याच्याकडे होती.

"मामा!" घड्याळजी किंचाळला, हंड्याशेजारचा पळा दोन्ही हातांनी उचलला आणि उभ्या जन्मातला पहिला फटका मारला.

आयुष्यात ज्याने कधी कोणाला मारलं नाही, त्याला नेम कुठून येणार? हाडवैरी हाक ऐकून वळले होते. लोण्याचा बाकपाय त्यांनी उजव्या हाताने हवेतच धरला होता, घट्ट, त्याच तीन बोटांत. घड्याळजीचा पळा सोसाट्याने आला आणि त्या मनगटावर बसला.

नाजूक वस्तू मोडल्याचा आवाज घड्याळजीला लगेच कळतो. तो कळला.

लोणी नाक धरून मागे सरकला; यापुढचं आपल्या कुवतीबाहेरचं आहे हे त्याला समजलं असावं. हाडवैऱ्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हात कोपरात एकदा वळत होता आणि मग, जिथे वळू नये तिथे, पुन्हा एकदा. मग त्यांनी जावयाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पळ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा फुलत गेला की तसा मुलीच्या लग्नातही फुलला नव्हता.

"मारलंस!" ते ओरडले. "अरे, मारलंस की! बघा रे, माझा जावई! घड्याळजी म्हणे! हा हात घड्याळजीचा आहे होय?"

आणि त्यांनी आनंदाच्या भरात डाव्या हाताने घड्याळजीच्या तोंडात अशी ठेवून दिली की त्याचे पुढचे दोन दात हंड्यात जाऊन पडले. ते शोधायला कोणी गेलं नाही. भात गिचका होता.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, ते वाकडं जुळलं. व्यायामाच्या बाईंनी हात पाहिला, घड्याळजीला पाहिलं आणि काड्या परत ड्रॉवरमध्ये ठेवल्या. बाक लोण्याला गेला. मिठाच्या खड्ड्यावरही वाकडा हात चालेना, तेव्हा हाडवैऱ्यांना फाटकावर बसवलं. कोण किती वाजता आला ते सांगायचं. उजवा हात उचलवतच नाही, त्यामुळे हल्ली ते सगळ्यांनाच डाव्या हाताने मारतात, आणि पसंत कोण, नापसंत कोण, हे घरात कोणालाच कळत नाही. भात ते चमच्याने खातात.